खारट हात

झिलईवाल्यांच्या कारखान्यात एकच नियम होता आणि तो भिंतीवर लिहायची गरज कधी पडली नाही. उजळलेल्या धातूला उघडा हात लावायचा नाही. कारखाना म्हणायचं आपलं. राहत्या घरामागच्या त्या दोन खोल्या. पहिलीत घासकाम चाले. तिथे पाण्याचा हौद, राखेचे डबे, लिंबांची टोपली, झिजलेले ब्रश आणि बारा महिने ओली फरशी. दुसरीत मोटर, तिच्या दोन्ही टोकांना नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची चाकं, झिलईच्या तांबड्या मसाल्याच्या वड्या आणि कोपऱ्यात एक माणूस उभा मावेल एवढं लाकडाच्या भुश्शाचं पिंप. धुतलेली वस्तू त्या भुश्शात खुपसून बाहेर काढली की तिच्यावर पाण्याचा थेंब उरत नसे. आसपासच्या घरांतलं पितळ, तांबं, चांदी काळं ठिक्कर होऊन पहिल्या खोलीत यायचं आणि दुसरीतून तोंड बघून घ्यावं असं होऊन बाहेर पडायचं. दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात खिळ्याला हातमोजे टांगलेले असायचे.

आता हा नियम झिलईच्या कुठल्याही दुकानात असतोच. पण इथे तो जरा जास्त कडक होता, आणि त्याला कारण झिलईवाल्यांची बायको.

ती लग्न होऊन आली तेव्हा वीस वर्षांची होती आणि हौस दांडगी. चौथ्याच दिवशी तिने एका गिऱ्हाइकाचा चांदीचा चहाचा सेट कागदात गुंडाळायला मदत केली. किटली, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं, ट्रे, सगळं तिने अगदी जिव्हाळ्याने बांधलं. दोन दिवसांनी गिऱ्हाईक ते बोचकं घेऊन दारात हजर. किटलीच्या पोटावर काळे डाग होते, बोटांचे, रेषान् रेष दिसेल असे. चोराने पोलिसांची सोय पाहून ठेवून जावेत तसे.

घरात तेव्हा आजीचं राज्य होतं. आजी म्हणजे झिलईवाल्यांची आई, पण घरात नातवंडाचा पत्ता नसल्यापासून तिला सगळे आजीच म्हणत, तिच्या मुलासकट. आजीने वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. तिने वीतभर लांबरुंद पितळी पत्रा उजळून घेतला आणि त्याच्यावर एका ओळीत सगळ्यांना अंगठे टेकवायला लावले. पहिला स्वतःचा, मग मुलाचा, मग नव्या सुनेचा. तेवढ्यात दूधवाला आला, तर त्यालाही सोडलं नाही. पत्रा रात्रभर हौदाच्या कठड्यावर राहिला. सकाळी त्यावर एकच अंगठा उमटला होता, काळाभोर, ओळीत तिसरा.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच की," नवी सून म्हणाली आणि इतकी मनापासून हसली की रागवायला आलेल्या आजीलाही हसावं लागलं.

"काही माणसांच्या घामातच खार असतो," आजी म्हणाली. "माझ्या मावशीचा होता. ती नुसतं कुलूप उघडायची तर महिन्याभरात किल्ली काळी. त्यात तुझा दोष नाही गं. पण यापुढे उजळलेल्या वस्तूला हात लावायचा नाही."

त्या दिवसापासून तिचं नाव खारूताई पडलं, आणि ते तिला एवढं चिकटलं की पोस्टमनसुद्धा खारूताई आहेत का म्हणून विचारी. आजीने तो पत्रा मधल्या दाराशी खिळ्याला टांगला, सुनेला आठवण राहावी म्हणून. सुनेने त्याचं काय करावं? येणाऱ्याजाणाऱ्याला ती तो कौतुकाने दाखवायची. "हा माझा फोटो," म्हणायची. "चेहऱ्याचा काढला असता तर इतका चांगला आला नसता."

असं घासकाम तिच्या वाट्याला आलं. चोवीस तास लिंबू, राख आणि पाणी. बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, नखं कधी पांढरी दिसायची नाहीत. पण हात असा बसला होता की ओल्या धातूच्या नुसत्या वासावरून ती त्याची जात सांगायची. "याच्या आत लोखंड आहे," ती आतल्या खोलीत हाक मारून सांगे, "वर नुसता मुलामा. चाकावर जास्त धराल तर बिचाऱ्याची अब्रू जाईल." आणि झिलईवाले चाकावरचा हात हलका करत. त्यांना तिचं कधी चुकलेलं आठवत नव्हतं.

संध्याकाळी मोटर बंद झाली की ती मधल्या दारात येऊन उभी राही. हात पाठीमागे बांधलेले, शाळेत उभं केल्यासारखी. झिलईवाले त्या दिवसाची सगळ्यात चांगली वस्तू फडक्यात धरून तिच्यापुढे नेत. कधी तांब्याची कढई असे, कधी मेणबत्तीचा स्टँड. ती वाकून त्यात स्वतःचं तोंड बघे, कपाळावरची राख दिसली की खांद्याला पुसे आणि म्हणे, "छान उतरलंय." बस, एवढंच. तिने घासलेल्या आणि यांनी उजळलेल्या वस्तूची तिची भेट एवढीच. लोकांच्या संसारात बायकोला दागिने घालायची हौस असते. झिलईवाल्यांना बायकोपुढे असं काहीतरी धरून उभं राहायची हौस होती, आणि त्या दोन शब्दांसाठी ते दिवसभर मोटरीपाशी नाक काळं करून घेत. अर्थात हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

पुढे मुलगी झाली. आजी गेली. काम वाढलं. आणि मुलगी सात वर्षांची असताना नाट्यगृहाचं काम आलं.

जुनं नाट्यगृह दुरुस्त होऊन पुन्हा उघडायचं होतं आणि त्याच्या सगळ्या दारांच्या पितळी मुठी उजळायला आल्या. चाळीस मुठी, मोठ्या पेरूएवढ्या, गोल. कित्येक वर्षांच्या लोकांच्या हातांनी आणि रंगाच्या थरांनी त्या ओळखू येत नव्हत्या. खारूताईने नऊ दिवस त्या घासल्या. झिलईवाल्यांनी सहा दिवस चाकावर धरल्या. काम संपलं त्या संध्याकाळी चाळीसच्या चाळीस मुठी आतल्या खोलीतल्या फळीवर रांगेने मांडल्या, आणि खिडकीतून आलेलं ऊन त्यांच्यावर पडलं तेव्हा खोलीत दिवे लावल्यासारखं झालं. झिलईवाल्यांना वाटलं, आपल्या हातून याहून चांगलं काम होणार नाही. ते खरंच होतं. झालं नाही. व्यवस्थापक दोन दिवसांनी न्यायला येणार होता, तोवर त्यांनी खोलीचं दार नुसतं ओढून घेतलं आणि सगळं घर दमून झोपलं.

व्यवस्थापक आला तो सोबत दोन माणसं घेऊन. झिलईवाल्यांनी ऐटीत दार उघडलं. फळीवरच्या अकरा मुठींवर डाग होते.

कसे डाग, किती मोठे, कुठल्या बोटांचे, हे त्यांनी पाहिलंच नाही. झिलईवाल्याला डाग पुसायची सवय असते, वाचायची नसते. त्यांनी फक्त व्यवस्थापकाची उचललेली भुवई पाहिली. मग मागे वळून पाहिलं. खारूताई नेहमीच्या जागी, मधल्या दारात उभी होती.

"किती वेळा सांगायचं, हात लावू नको म्हणून," ते म्हणाले. नुसतं म्हणाले नाहीत, तीन परक्या माणसांसमोर ओरडले. "पंधरा दिवसांचं काम वाया घालवलंस. तुझा हात लागला की सोन्याची माती होते. या घरात आल्यापासून तेच चाललंय."

तिने एकदा फळीकडे बघून घेतलं, नीट, एकेका मुठीकडे. तिने तोंड उघडलं, असं त्यांना अजून आठवत होतं. पण ती बोलली काहीच नाही. खिळ्यावरचे हातमोजे काढले, दोन्ही हातांत चढवले आणि घासकामाच्या खोलीत निघून गेली.

अकरा मुठी पुन्हा उजळायला तासाभराहून जास्त वेळ लागला नाही. व्यवस्थापक चहा पिऊन, मुठी घेऊन, खुशीत गेला. म्हणजे नुकसान काय झालं म्हणावं, तर काहीच नाही. पण त्या दिवसापासून खारूताईने कारखान्यात हातमोजे काढले नाहीत. घासताना रबराचे, एरवी सुती, जुन्या चादरीचे तिने स्वतः शिवलेले. घरात पितळी ट्रेमधून चहा आणायचा असला तरी मोजे. संध्याकाळी मोटर बंद झाली की ती हात धुवायला निघून जाई. मधल्या दारात उभं राहणं थांबलं ते थांबलंच. झिलईवाल्यांनी पहिले काही दिवस एखादी वस्तू फडक्यात धरून वाट पाहिली. मग त्यांच्याही नाकाला मिरच्या झोंबल्या. चूक हिची आणि रुसायचं पण हिनेच का?

माणूस इतका शहाणा की चांदीवरचा केसाएवढा ओरखडा त्याला नजरेने कळावा, आणि बायकोच्या मनावरचा कळू नये. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. कळला तेव्हाही माफी मागायचं रोज उद्यावर गेलं. आणि पुढे तर ती पुन्हा पहिल्यासारखी हसायलाही लागली, गिऱ्हाइकांना फोटो दाखवायला लागली, तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं की ती विसरली.

एका गोष्टीत मात्र ती बदलली ती कायमची. लेकीला तिने कारखान्यात पाऊल टाकू दिलं नाही. झिलईवाल्यांच्या मनात होतं, पोरीला हात शिकवावा. हुशार होती, चिकाटीची होती. पण खारूताई ऐकेना. "तिला शिकू दे. एका घरात काळ्या नखांची दोन माणसं पुरेत." पोर आतल्या खोलीच्या दाराशी दिसली तरी ही धावत यायची. यावरून बरीच भांडणं झाली. झिलईवाले एकदा म्हणाले, "माझी विद्या माझ्याबरोबर जाणार, आणि ती तुझ्यामुळे." त्यावरही ती मूग गिळून बसली. लेक शिकली आणि ग्रंथालयात नोकरीला लागली. दुसऱ्या गावात तिचा संसार झाला.

आठ महिन्यांपूर्वी खारूताई गेली. चार दिवसांचा ताप, पाचव्या दिवशी दुपारी काही नाही. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. झिलईवाल्यांना लोकांशी काय बोलावं कळेना, रडूही येईना, हात मात्र स्वस्थ बसेनात. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी मोटर सुरू केली आणि दिसेल ते उजळत सुटले. घरातल्या दाराच्या कड्या, नळ, ट्रे, दिव्याचा खांब, कुलपं. शेजारी म्हणाले, करू द्या, तेवढंच मन रमतंय. दुपारपर्यंत घर झगझगीत झालं. मग त्यांनी मधल्या दाराशी हात नेला, खिळ्यावरचा पत्रा काढला, चाकावर धरला आणि सवयीप्रमाणे पहिल्याच फेरीत काळं गेलं म्हणून समाधानाने मान हलवली.

तेव्हा त्यांना कळलं की आपण काय केलं.

चाळीस वर्षं टिकलेला अंगठा दोन क्षणांत गेला होता. पत्र्यात त्यांचंच तोंड दिसत होतं. मग रडू आलं, ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही.

त्यानंतर त्यांना एकच ध्यास लागला. या घरात कुठेतरी तिच्या हाताची एक खूण असणारच. ज्या बाईने हात लावला की धातू काळा पडायचा, तिच्या चाळीस वर्षांच्या संसारात एक डाग मिळू नये? त्यांनी कपाटांच्या मुठी भिंग लावून पाहिल्या. जुन्या किल्ल्या, पितळी बटणं, शिलाई मशीनचं चाक, सगळं पाहिलं. पण निम्मं त्यांनी स्वतःच उजळून ठेवलं होतं, आणि उरलेल्याला तिने मोज्यांशिवाय हात लावला नव्हता. त्यांनीच तसं शिकवलं होतं तिला. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

लेक तेव्हा दर पंधरा दिवसांनी येत होती आणि आली की तोच विषय काढत होती. "बाबा, तुम्ही आता एकटे राहू नका. माझ्याकडे चला." आठ महिन्यांनी ते हो म्हणाले. कारखाना भाड्याने दिला, मोटर आणि चाकं नव्या माणसाने विकत घेतली. उद्या सकाळी टेम्पो येणार होता. लेक चार दिवस रजा काढून सामान बांधायला आली.

शेवटी राहिली ती खारूताईची लोखंडी पेटी. लेक म्हणाली, ती मी बांधते. झिलईवाले म्हणाले, मीच बघतो. पेटीत तिचे चांगले कपडे होते, लेकीची शाळेची प्रगतिपुस्तकं, न वापरलेल्या हातमोज्यांचे तीन जोड. तळाशी फ्लॅनेलच्या फडक्यात करकचून बांधलेलं काहीतरी होतं. उचललं तर आतून बारीक किणकिणलं.

फडकं सोडलं. आतून टेबलावर ठेवतात तसली पितळी घंटी निघाली, वितीहून लहान. कुणीतरी उजळायला टाकून परत न्यायला न आलेल्या वस्तूंपैकी असावी. इतक्या वर्षांत ती सगळीच मंदावली होती, जुन्या मधाच्या रंगाची झाली होती. आणि तिच्या घेरावर काळीभोर बोटं उमटली होती. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला अंगठा. रेषा मोजाव्यात इतकी स्वच्छ.

"सापडली," झिलईवाले म्हणाले. "अगं, हे बघ. तिने ठेवली होती. बघ, तिची बोटं."

लेक हातातली दोरी तशीच धरून दारात उभी राहिली. जवळ आली नाही.

त्यांना काय करू आणि काय नको असं झालं. घंटी ते खिडकीपाशी घेऊन गेले. फडक्यात धरून फिरवून फिरवून पाहिली. खिशातून भिंग काढलं. घंटी कागदात गुंडाळायची, मग डब्यात, डबा मांडीवर घेऊन टेम्पोत बसायचं, असं त्यांचं ठरूनही गेलं. आणि मग, पन्नास वर्षांची सवय कुठे जाणार, त्यांच्यातला कारागीर जागा झाला. त्यांनी आपलं मधलं बोट त्या डागाशेजारी धरलं. मग करंगळी धरली. डाग करंगळीच्याही निम्मा होता.

खारूताईची बोटं लांब होती. त्यांच्याहून लांब. लग्नात अंगठी मोठी करून घ्यावी लागली होती.

"ही तिची नाहीत," ते म्हणाले. "ही तर एखाद्या लहान पोराची आहेत."

त्यांनी वळून पाहिलं तर लेक दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी होती.

"माझी आहेत, बाबा," ती म्हणाली.

झिलईवाले पेटीच्या कडेवर बसले. लेक समोर फरशीवर बसली आणि सांगायला लागली, आधी अडखळत, मग सरळ. "त्या नाट्यगृहाच्या मुठी आठवतात? त्या संध्याकाळी तुम्ही सगळे झोपलात आणि मी आत गेले. प्रत्येक मुठीत मी दिसत होते. एवढीशी, नाक फुगलेली. एकीत हसले की सगळ्या हसायच्या. मला गंमत वाटली. मी एकेकीला हात लावत गेले. अकरापर्यंत गेले, मग उंदीर खुडबुडला म्हणून पळाले."

"तू," झिलईवाले म्हणाले.

"तुम्ही आईला बोलत होतात तेव्हा मी भुश्शाच्या पिंपामागे होते. सगळं ऐकलं. तुम्ही गेल्यावर आईला रडत सांगितलं, मी केलं म्हणून. तिला माहीत होतं. डाग बघूनच तिने ओळखलं होतं. मग तिने ही घंटी उजळली, माझा हात तिच्यावर ठेवला आणि ती फडक्यात बांधली. दोन दिवसांनी आम्ही फडकं सोडून पाहिलं." लेकीने डोळे पुसले. "आई म्हणाली, घे, तू तर माझ्याहून खारट. अळीमिळी गुपचिळी. कुणाला सांगायचं नाही, बाबांना तर मुळीच नाही."

"पण का?"

"मी पण विचारलं. म्हणाली, या घरात सकाळी उठल्यापासून हात लावू नको, हात लावू नको ऐकावं लागतं. मी मोठी आहे, मला हसता येतं. तुला नाही येणार. त्यापेक्षा तू आत जाऊच नको."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. झिलईवाले हातातल्या घंटीकडे बघत राहिले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे चोर सात वर्षांचा होता आणि संन्याशीण स्वतःहून सुळावर चढली होती, तेही एकतीस वर्षं, रोज हातमोजे घालून. एकेक गोष्ट त्यांच्यापुढे उभी राहिली. फळीकडे एकेक मूठ बघत उभी असलेली ती. बोलायला उघडलेलं आणि मिटलेलं तोंड. पोरीला दाराशी पाहून तिचं धावत येणं. आपण म्हणालो, माझी विद्या तुझ्यामुळे जाणार, तेव्हाचं तिचं गप्प बसणं. आणि ही पोर. घरी आली की ट्रे नेहमी टॉवेलने उचलते, तर आपल्याला वाटायचं, काय गुणाची आहे, घरची शिस्त मोडत नाही.

"इतकी वर्षं बोलली नाहीस," ते म्हणाले. रागाने नाही.

"आई असताना तिला शब्द दिला होता. ती गेल्यावर वाटलं, आता सांगून तुम्हाला आणखी कशाला त्रास. आत्तासुद्धा सांगणार नव्हते. तुम्ही इतके खूश झाला होतात." तिने मान खाली घातली. "म्हटलं, आईची म्हणून राहू देत. पण तुम्ही करंगळी लावलीत."

मग झिलईवाले उठले, आतल्या खोलीत गेले. मोटर नव्या माणसाची झाली होती, पण अजून जागेवरच होती. त्यांनी खिळ्यावरचा पत्रा काढला. आठ महिन्यांत तो मळकट झाला होता. लेकीला मोटरीचा आवाज ऐकू आला, तांबड्या मसाल्याचा जळका वास आला. लहानपणी शाळेतून येताना तो वास कोपऱ्यावरच यायचा आणि घर आलं असं वाटायचं. ती उठून मधल्या दारापाशी आली. आत गेली नाही. उंबऱ्यावर थांबली, हात आपोआप पाठीमागे गेले.

झिलईवाल्यांनी मोटर बंद केली. पत्रा भुश्शातून काढला, फडक्याने पुसला आणि फडक्यात धरून वळले. दारात ती उभी होती. क्षणभर त्यांचे पाय थांबले. मग ते पुढे आले आणि पत्रा तिच्यापुढे धरला.

लेकीने वाकून त्यात तोंड पाहिलं. "छान उतरलंय," ती म्हणाली. तिला वाटलं, बाबांना हेच ऐकायचं असेल.

"हात लाव," झिलईवाले म्हणाले.

लेक गोंधळली. खिळ्यावरच्या मोज्यांकडे तिचा हात गेला.

"मोजे नको. तसाच लाव."

तिने अंगठा पुढे केला.

"अंगठ्याने काय होतंय. अख्खा हात ठेव."

तिने पंजा ठेवला. धातू चाकावरून नुकताच आला होता, अजून कोमट होता. झिलईवाल्यांनी खालून पत्रा धरून ठेवला.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं."

"बाबा, मला काय सांगताय. मीच तर केलं होतं."

"मग कुणाला सांगू? तिचा हात आता एवढाच उरलाय."

लेकीने हात काढला नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुमचाही ठेवा ना. शेजारी जागा आहे." त्यांनी फडकं बाजूला टाकलं आणि त्या कारखान्यात आयुष्यात पहिल्यांदा उजळलेल्या धातूवर उघडा पंजा टेकला, चांगला दाबून. मग पत्रा हौदाच्या कठड्यावर नेऊन ठेवला, चाळीस वर्षांपूर्वी आजीने ठेवला होता तिथेच.

सकाळी टेम्पो लवकर आला. सामान चढेपर्यंत झिलईवाले हौदापाशी गेले नाहीत. सगळं चढल्यावर दोघं मिळून गेली. पत्र्यावर डाव्या बाजूला पाच बोटं उमटली होती, सावळी, अजून पुरती काळी व्हायची होती. तळव्याची आडवी रेषसुद्धा दिसत होती. उजवी बाजू लख्ख होती. तिथे झिलईवाल्यांचा हात कधी टेकला होता याचा मागमूस नव्हता.

"बघ," झिलईवाले म्हणाले, "चाळीस वर्षं मला या हातांचा माज होता."

त्यांनी पत्रा उचलला आणि फडकं न घेता तसाच हातात धरून ते टेम्पोत जाऊन बसले.